वारसाचे नाव एकदा लिहिले म्हणजे झाले काय?



हंगाम तोंडावर आला की शेतकी विभागाची माणसे वावरावावरांत फिरू लागतात. लागण किती, खोडवा किती, उसाची जात कोणती, लागणीची तारीख कोणती, हे सारे लिहून घेतात. सभासदही यात गाफील राहत नाही. तारीख चुकली तर तोड मागे पडते, हे त्याला पक्के ठाऊक असते. गट ऑफिसला दोन खेटे जास्त पडले तरी चालतील, पण तो नोंद दुरुस्त करूनच घरी येतो.

कारखान्याच्या दप्तरात सभासदाच्या नावावर आणखी एक नोंद असते. आपल्यामागे आपले भाग कोणाच्या नावे करावेत, ठेव कोणाला द्यावी, राहिलेले ऊसबिल कोणाच्या हाती पडावे, याची ती नोंद. कायद्यात तिला नामनिर्देशन म्हणतात, बोलण्यात आपण वारसाचे नाव लावणे म्हणतो. भाग घेतला त्या दिवशी अर्जावर एक नाव लिहिले, सही केली, आणि त्यानंतर तो कागद पुन्हा पाहिला असे सभासद फार थोडे. पाचवट काढायला सवड असते, साखरेच्या कार्डाची आठवण असते, या कागदाची मात्र नसते.

खोडवा आपण किती वर्षे ठेवतो? दोन, फार तर तीन. मग नवी लागण करावीच लागते. तीस वर्षांचा खोडवा ठेवणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय? पण तीस-तीस वर्षांची वारसाची नोंद मात्र आपण खुशाल ठेवतो. घर बदलले की कागद बदलला पाहिजे, आणि तो बदलणाऱ्याच्या हयातीतच बदलला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे या लेखात सांगावयाचे आहे.

घर पुढे जाते, कागद मागे राहतो

समजा, एका सभासदाने १९८८ साली भाग घेतला. तेव्हा लग्न झालेले नव्हते. वारस म्हणून धाकट्या भावाचे नाव लिहिले, ते त्या वेळी बरोबरच होते. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली, भावाभावांत वाटण्या झाल्या, मध्ये धुऱ्यावरून दोन वर्षे अबोलाही झाला. दप्तरात मात्र अजून भावाचेच नाव. उद्या या सभासदाचे काही बरेवाईट झाले तर कारखाना कोणाकडे पाहील? कागदाकडे पाहील. तेरवी आटोपून त्याची बायको गट ऑफिसला आली की तिला सांगावे लागेल, बाई, इथे तुमचे नाव नाही.

दुसरे घर घ्या. सभासदाने बायकोचे नाव लावले होते. ती त्याच्याआधीच वारली. त्याने दुसरे नाव लावले नाही. म्हणजे कागदावर नाव आहे, पण त्या नावाचे माणूस नाही. अशा वेळी वारस कोण हे संचालक मंडळाला पाहावे लागते, आणि दोघांनी दोन तोंडे केली की न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र आणा, असे सांगण्यापलीकडे मंडळाच्या हाती काही राहत नाही.

तिसऱ्या घरी थोरल्याचे नाव आहे. तो नोकरीनिमित्त नागपूरला गेला, तिकडेच राहिला. इकडे पाणी देतो, राखण करतो, तोडीला उभा राहतो तो धाकटा. चौथ्या घरी नाव आहे अज्ञान मुलाचे, आणि त्याचा पालक म्हणून काकाचे. तो मुलगा आता दोन लेकरांचा बाप झाला, तरी दप्तरात अज्ञानच.

यात लबाडी कोणाचीच नाही. नाव लिहिले त्या दिवशी ते योग्यच होते. लग्न, जन्म, मृत्यू, वाटणी, सोडचिठ्ठी, दत्तक, स्थलांतर, जमिनीची खरेदी-विक्री, या गोष्टी सांगून येत नाहीत आणि आल्या की कागदाला विचारत नाहीत. कागद आपणच उचलून दुरुस्त करावा लागतो. सरकारही करतेच की. चांदा जिल्ह्याचा चंद्रपूर झाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. शिक्के बदलले, नकाशे बदलले, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. एवढा मोठा जिल्हा आपले कागद बदलू शकतो, मग पाच माणसांच्या घराला ते जड का व्हावे?

उसाच्या बाबतीत तर हे अधिकच लागू आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने वावरात उभा असतो. लावणारा एक आणि तोडीला उभा राहणारा दुसरा, असे होऊ शकते. पीक माणसासाठी थांबत नाही आणि सोसायटीच्या कर्जाचे व्याजही थांबत नाही. ऊसबिल अडले की सारेच अडते.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम ३० आणि १९६१ च्या नियमांतील नियम २५, या दोहोंत हा विषय आहे. सभासदाने हयातीत लेखी कागद संस्थेकडे दाखल करावा, किंवा संस्थेच्या वहीत निवेदन लिहून एका साक्षीदारासमोर सही करावी. एकाहून अधिक नावेही देता येतात. तेव्हा कोणाला किती भाग ते शक्यतो पूर्ण भागांत लिहावे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ही नोंद रद्द करता येते व बदलताही येते. नियमातच तशी सोय आहे. शेवटची नोंद खरी. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे. आत जात नाही ते आपण.

सभासद वारला की संस्था त्याचे भाग नोंदीतल्या माणसाच्या नावे करते. मात्र तो माणूस सभासद होण्यास पात्र असला पाहिजे आणि रीतसर दाखल झाला पाहिजे. नाहीतर भागांची किंमत देण्याची तरतूद आहे. नोंदीप्रमाणे संस्थेने एकदा व्यवहार केला की संस्था मोकळी होते. पुढचे भांडण घराचे.

आता नीट ऐकण्याची गोष्ट. नाव लावले म्हणजे मालकी दिली, असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. नोंदीतला माणूस हा बहुतांशी राखणदार असतो. पैसा त्याच्या हातात येतो, पण तो वारसदारांचा म्हणून येतो. आयुर्विम्याच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच हे सांगितले. पुढे २०१५ साली विम्याच्या कायद्यात बदल होऊन नवरा-बायको, आई-वडील व मुले यांचे नाव असेल तर पैसा त्यांचाच असे ठरले, पण ते विम्यापुरते. कंपन्यांच्या भागांबद्दलही असाच प्रश्न साळगावकर कुटुंबाच्या दाव्यात उभा राहिला. मृत्युपत्र वेगळे सांगत होते आणि ठेवींवर, म्युच्युअल फंडांवर लावलेली नावे वेगळी होती. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ नाव लावल्याने मालकी मिळत नाही, वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र यांवरच ती ठरते. सहकारी संस्थेच्या भागाबाबत २०१६ साली पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात न्यायालयाने म्हटले की संस्थेने नोंदीप्रमाणे नाव लावावे, इतर वारसांनी आपला हक्क वेगळा मागावा.

कोणी म्हणेल, मग नाव कोणाचेही असले तरी काय बिघडते? शेवटी मिळणार तर वारसालाच. बिघडते ते असे. पैसा एकाच्या हाती पडतो आणि हक्क दुसऱ्याचा असतो. हक्कवाल्याने मग कोर्टाची पायरी चढावी, वकील धरावा, तारखा कराव्या. कोरची किंवा सिरोंच्याच्या कडेच्या खेड्यातल्या विधवेला जिल्ह्याच्या कोर्टाच्या दहा तारखा म्हणजे काय, हे आम्ही सांगावे असे नाही. तिच्या हक्काचे तिला मिळते, पण केव्हा? मुलीचे लग्न कर्जावर होऊन गेल्यावर. म्हणून संस्थेच्या दप्तरातले नाव आणि घरातला खरा वारस एक असावेत. दोन्हींत फरक ठेवायचाच असेल तर तो आपण समजून-उमजून ठेवावा, विसरून नव्हे.

मृत्युपत्र करावे, आणि पुन्हा काढून वाचावे

अमेरिकेत बरेच लोक हयातीतच आपली मिळकत ट्रस्टच्या नावे करतात. जिवंतपणी स्वतःच विश्वस्त राहतात, आणि मागे कोणी काय सांभाळावे ते लिहून ठेवतात. तिकडे त्याला जिवंतपणीचा ट्रस्ट म्हणतात. तो करून कपाटात टाकला की उपयोग नसतो, लग्न, मूल, घटस्फोट, नवे घर, असे काही घडले की तो काढून दुरुस्त करावा, असा तिकडचे वकील आग्रह धरतात. आपल्याकडेही १८८२ च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे खासगी ट्रस्ट करता येतो. पण चार एकरांच्या शेतकऱ्याला तो खटाटोप परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्या सभासदाचा ट्रस्ट म्हणजे त्याच्या चार नोंदी. सातबारा, कारखाना व सोसायटीचे भाग, बँकेचे खाते आणि मृत्युपत्र. या चार ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली असली की झाले.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केली तर चांगले. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करावा आणि त्या दोघांनीही सह्या कराव्यात, एवढे भारतीय वारसा अधिनियम १९२५ ला पुरे आहे. साक्षीदार असे निवडावेत की ज्यांना त्यातले काही मिळावयाचे नाही. करणारा शुद्धीत आहे तोवर ते कितीदाही बदलता येते. लहान बदल असेल तर पुरवणीपत्र जोडावे, मोठा असेल तर नवे करावे आणि आधीची सारी रद्द असे त्यात स्पष्ट लिहावे.

एक बारीक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ख्रिस्ती किंवा पारशी माणसाने मृत्युपत्र केल्यावर लग्न केले तर जुने मृत्युपत्र आपोआप रद्द होते. हिंदूंच्या बाबतीत तसे होत नाही. लग्नाआधी सगळे भावाला लिहून दिले असेल तर लग्नानंतरही ते तसेच उभे राहते. नव्या सुनेच्या पावलांनी घर बदलते, कागद बदलत नाही.

आणखी एक. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मृत्युपत्र आपल्या स्वतःच्या हिश्श्यापुरतेच चालते. साऱ्या शेताचे मृत्युपत्र करून आपण मोकळे झालो असे समजू नये.

बँकेचेही पाहून घ्यावे. पूर्वी खात्याला एकच नाव लावता येई. १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नावे देण्याची सोय झाली आहे. ऊसबिल ज्या खात्यात जमा होते त्या खात्यावर कोणाचे नाव आहे, हे या महिन्यातच विचारून यावे.

जंगलपट्ट्यातल्या सभासदांना विशेष

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आमच्या सभासदांचा ऊस मैलोगणती नसतो. धानाच्या बांधीला लागून, जिथे पाणी आहे तिथे एक-दीड एकर. पण ही परंपरा जुनी आहे. गोंडराजांच्या काळी तलाव बांधणाऱ्याला तलावाखालची जमीन देण्याची रीत होती, आणि तलावाखाली ऊस करण्यात इकडच्या कोहळी समाजाचा हातखंडा होता. ते तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते इतकी वर्षे टिकले ते पावसाळ्याआधी पाळीवर माती टाकणारे हात होते म्हणून. जिथे ते हात थांबले तिथे पाळ फुटली. घराच्या कागदांनाही तशीच वेळोवेळी माती लागते.

या भागात तिची गरज जास्त, कारण इथे मरण अवचित येते. मोहफूल वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, धानाची राखण करताना वाघाची गाठ पडते. वीज पडते, साप चावतो. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर वनविभाग अर्थसाह्य देतो. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूस गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो, वारस कोण? कोळशाच्या खाणीला किंवा गोसीखुर्दच्या कालव्याला जमीन गेली तर मोबदल्याची नोटीस सातबारावरच्या नावाला येते. ते नाव आजोबांचे असेल, आणि आजोबा जाऊन वीस वर्षे झाली असतील, तर नोटीस घ्यायची कोणी?

वनहक्काच्या पट्ट्याचे नियम निराळे आहेत. २००६ च्या कायद्याप्रमाणे तो पट्टा विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, पण वारसाने मिळतो. आणि लग्न झालेल्या माणसाचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असावा लागतो. ज्यांच्या पट्ट्यावर एकट्या पुरुषाचेच नाव असेल त्यांनी ते दुरुस्त करून घ्यावे. जंगलच्या जमिनीवर बाईचे नाव कायद्याने लागते आणि कारखान्याच्या भागावर लागत नाही, हे आम्हाला शोभणारे नाही.

आदिवासी सभासदांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. १९५६ चा हिंदू वारसा कायदा केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तिथे रूढी चालते, आणि रूढी काय हे न्यायालयात शाबीत करावे लागते. छत्तीसगडातल्या एका गोंड कुटुंबातील मुलीच्या वारसांचा दावा असाच वर्षानुवर्षे चालला. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना हिस्सा दिला. मुलींना वगळण्याची रूढी कोणी शाबीत केली नसताना केवळ बाई म्हणून वाटा नाकारणे हे समतेच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. निकाल चांगला लागला, पण तो लागेपर्यंत माणसांची हयात गेली. म्हणून आदिवासी सभासदाने कारखान्यातले नाव तर लावावेच, आणि जमिनीबाबत काही लिहिण्याआधी सल्ला घ्यावा, कारण आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेत १९७४ पासून कडक बंधने आहेत. सल्ल्याला पैसे लागतील ही भीती नको. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा न्यायालयांत त्याची कचेरी आहे.

लेकीचे नाव का लपवता?

आता थोडे कडू बोलतो. वारसांची यादी देताना लेकींची नावे गाळण्याची खोड आपल्यात आहे. ती तिच्या घरी सुखी आहे, तिला काय करायचे, असे म्हणून सहज गाळतात. कायदा मात्र तिला विसरलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तो सर्वच मुलींना दिला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला की हा हक्क जन्माने आहे, त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत तर १९५६ पासूनच मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांचा सारखा हक्क आहे. होय, आईचाही. तिचे नाव तर सर्रास विसरले जाते.

लेक गाळून केलेली वारस नोंद आज सोपी वाटते, उद्या तीच उलटते. ज्या बहिणीला हिस्सा नको आहे ती राजीखुशीने हक्कसोडपत्र देईल. पण भाऊबीजेला ओवाळणी घालून तिच्यापुढे कोरा कागद सरकवणे याला राजीखुशी म्हणत नाहीत.

बायकोच्या नावाबद्दल तर शेतकऱ्यांच्या चळवळीने आपल्याला धडा घालून दिला आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. बायकोच्या नावे जमीन करून देण्याचा तो कार्यक्रम होता, आणि तो शेतकऱ्यांनी स्वतःहून उचलला. १९९२ साली शासनानेही पत्नीचे नाव सातबारावर लावण्याची वाट मोकळी केली. ज्यांनी तेव्हा नाव लावले त्यांचे घर बुडाले नाही. उलट मालक गेल्यावर त्या घरांत चूल विझली नाही.

मनातली भीती

इतके सांगूनही सभासद कागदाला हात का लावत नाही? आळस हे एक कारण. पण खरे कारण भीती आहे, आणि ती बोलून दाखवली पाहिजे.

एक म्हणतो, मरणाचे बोलणे अशुभ. अहो, विमा उतरवला म्हणून कोणी लवकर मेला आहे काय? दुसरा म्हणतो, नाव बदलले हे पोरांना कळले तर आत्ताच भांडण लागेल. आत्ता लागलेले भांडण तुम्ही मिटवू शकता, तुमच्यामागे लागलेले कोण मिटवणार? तिसऱ्याची भीती खरी आहे. तो म्हणतो, एकदा नाव लावून दिले की म्हातारपणी मला कोण विचारतो?

त्याला आमचे उत्तर असे. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांनी तुमच्या हयातीत तुमचे काहीही जात नाही. भाग तुमचे, बिल तुमचे, मत तुमचे. नाव आज लावा, वागणूक पाहून उद्या बदला. बक्षीसपत्र मात्र वेगळे. ते नोंदवले की वस्तू त्याच दिवशी गेली, आणि परत घेणे फार कठीण. सांभाळण्याची अट घालून बक्षीस दिले असेल आणि मुलाने सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात ते रद्द करून मागता येते, पण तेही खेटे घालूनच. ज्याला भीती आहे त्याने घाईने बक्षीसपत्र करू नये, आणि त्याच भीतीपोटी नामनिर्देशन टाळूही नये. दोन्ही सारखे समजण्यातच सारा घोटाळा आहे.

कारखान्याने काय करावे

सगळा बोजा सभासदावर टाकून कारखान्याने हात झटकू नयेत. २०२५ साली महसूल खात्याने बुलढाण्यात सुरुवात करून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम चालवली. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची लावण्याची ती मोहीम होती. सरकारला जे जमते ते आपल्या घरच्या संस्थेला का जमू नये? आमच्या सूचना अशा आहेत.

दर वर्षी उसाची नोंद घेताना शेतकी विभागाच्या माणसाने सभासदाला विचारावे, वारसाचे नाव पाहिले काय, बदलावयाचे आहे काय? नोंदीतले नाव चारचौघांत वाचू नये. ते सभासदाला एकट्याला सांगावे, कारण ती त्याची खासगी बाब आहे. मयत सभासदांची यादी मात्र प्रत्येक गट ऑफिसात उघडपणे लावावी, म्हणजे वारस पुढे येतील. वार्षिक सभेच्या आधीचा एक महिना नाव बदलण्यास कोणतीही फी घेऊ नये. बदलाचा अर्ज घेतला की तारखेसह पोच द्यावी. आणि बायकांनी कागद विचारला तर, मालकाला पाठवा, हे उत्तर देऊ नये.

हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. सहकारात एक सभासद, एक मत. यादीत मयतांची नावे राहिली तर त्यांची मते तर जातातच, शिवाय जी मुले आणि ज्या विधवा आज प्रत्यक्ष ऊस घालतात त्यांना सभेत तोंड उघडण्याचा अधिकार राहत नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले तेव्हा मालकी शेतकऱ्याच्या हाती यावी हा हेतू होता. ती मालकी मेलेल्या माणसाच्या नावावर अडकून पडावी हा नव्हे.

सभासदाने करावयाचे काम एका दिवसाचे आहे. भागाचा दाखला, सातबारा, पासबुक आणि मृत्युपत्र असेल तर ते, असे चारही कागद एका जागी मांडावेत. घरातल्या बाईला शेजारी बसवावे आणि प्रत्येकावरचे नाव मोठ्याने वाचावे. जिथे नाव जुळत नाही तिथे खूण करावी, आणि गट ऑफिस, सोसायटी, बँक व ग्राम महसूल अधिकारी म्हणजे आपला पूर्वीचा तलाठी, यांच्याकडे त्या आठवड्यात जाऊन यावे. घरात कोणी गेले असेल तर तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी द्यावी. पुढे दर वर्षी ऊस नोंदीच्या वेळी हे कागद पुन्हा एकदा काढावेत.

सोसायटीचे कर्ज, उभा ऊस आणि अंगावरचे कपडे याखेरीज पुष्कळांपाशी मागे ठेवण्यासारखे फार नसते. जे थोडे आहे ते तरी ज्याचे आहे त्याला भांडणाशिवाय मिळावे, एवढीच आमची कळकळ. तोडीची चिठ्ठी येण्याची वाट पाहत बसला असाल तर तेवढ्या वेळात गट ऑफिसात जाऊन आपला कागद पाहून या.